थोरलीच्या झाकणाची फळी

४ फेब्रुवारी

ती. काकूस,

साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर तू ओळखणार नाहीस, म्हणून सुरुवातीलाच सांगते, मी टकळी. पाकिटावर मुद्दामच नाव-पत्ता लिहिला नाही. लिहिला असता तर तू ते न उघडताच ठेवून दिलं असतंस. फोन तर तू उचलतच नाहीस. आधी 'तुम्ही' म्हणून सुरुवात केली होती, पण जिने माझ्या वेण्या घातल्या, कानातलं ओढून रडवलं, तिला अहो-जाहो करताना हात अडखळायला लागला. तेव्हा 'तू'च म्हणते. राग आला तर येऊ दे, आधीच्या रागात तो खपून जाईल.

आम्ही सगळे बरे आहोत. माझं शिलाईचं काम चाललं आहे. हल्ली कपडे कमी आणि गाद्या, खुर्च्यांचे अभ्रे, पडदे असलंच जास्त येतं. यजमानांचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ते स्वतः जास्त कुरकुरतात. आई गेली ते तुला कोणीतरी कळवलं असेल. बाबा माझ्याकडेच असतात. तब्येत वयाप्रमाणे.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. थोरली सापडली.

तुला आठवतं ना, बाबा बार्जला थोरली म्हणायचे? माझ्या आधी ती घरात आली, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. लहानपणी मला हे खरंच वाटायचं. दुसऱ्या मुलींच्या बहिणी त्यांना शाळेत सोडायला यायच्या आणि माझी बहीण धक्क्याला बांधलेली असायची, पोटात धान्य भरून. धान्य बंद झालं तेव्हा तिने वाळू वाहिली, मग खडी, मग भंगार. शेवटी यंत्र काढून घेतलं आणि तिचं तरंगतं गोदाम केलं. त्या गोदामावर राखणदार कोण, तर बाबा. आई म्हणायची, याला पेन्शन मिळालं तरी हा बोटीतून उतरणार नाही, याला बोटीसकट पेन्शनीत काढा. पुढे कुणीतरी तिला विकत घेऊन ओढून नेलं आणि बाबांना आम्ही हाताला धरून घरी आणलं.

आता ती परत आपल्याच धक्क्याला आली आहे. नगरपालिकेने तिचं वाचनालय करायला घेतलं आहे. पोटात पुस्तकांची कपाटं, वर खिडक्या, मुलांसाठी एक कोपरा, मागच्या खोलीत (तिथे तू चहा करायचीस) कार्डं देण्याचं टेबल. बाकांच्या गाद्या शिवायचं काम माझ्याकडे आलं. मापं घ्यायला गेले तर पाय आपोआप जुन्या जागी पडत गेले. शिडीची तिसरी पायरी मी अजूनही ओलांडते, ती मोडकी होती म्हणून. आता तिथे शिडीच नाही, चांगला जिना आहे, तरी ओलांडते. बघणाऱ्याला वाटत असेल, बाईंना काहीतरी झालं आहे.

तिच्या पोटावर घालायच्या झाकणाच्या जुन्या फळ्या सुताराने जपून ठेवल्या होत्या. त्यांची आता लांब टेबलं करताहेत. रंधा मारून, तेल लावून अशी चकचकीत केली की ओळखू येत नाहीत. एका फळीला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. म्हटलं, ती राहू दे तशीच.

वाचनालयाच्या बाई मोठ्या उत्साही आहेत. त्यांना आत शिरल्यावर भिंतीवर थोरलीचा इतिहास लावायचा आहे. मला म्हणाल्या, "तुम्ही घरच्याच, तुम्हीच लिहा. जरा रंजक असू दे." मग मी मोगरीचं लिहिलं. झाकण घालायच्या आधी वरच्याने काठावर लाकडी मोगरीने तीन ठोके द्यायचे. पोटात कोणी असेल तर त्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. मग वरच्याने हाक मारायची, "थांबलोय, वर ये." उत्तर आलं नाही तर एक श्वास भरून रोखायचा, तो सुटेपर्यंत कान द्यायचा आणि मगच फळ्या घालायच्या. बाईंना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, "मुलांना किती मजा वाटेल."

एवढंच लिहिलं आहे मी. पुढचं लिहिलेलं नाही.

उद्घाटन एप्रिलमध्ये आहे. तू येशील का? बाबांना बरं वाटेल. आणि मलाही. पत्ता खाली लिहिते आहे, नाही आलीस तरी दोन ओळी पाठव.

तुझी,
टकळी

•

२६ फेब्रुवारी

प्रिय काकूस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून वाचत होता, पण त्याला काही कळलं नसणार. मायना नाही, सही नाही, मधे तीनच वाक्यं. "त्या दिवशी मोगरी वाजवली होती का? खालून काही वाजलं होतं का? खरं सांगणार असशील तर येते."

तुझी शिस्त अजून तशीच आहे. दवाखान्यात पेशंटांशीही अशीच बोलत असशील. इथे दुखतं का, हो की नाही.

सांगते, पण मला थोडं मागून येऊ दे.

काका गेला आणि तू घर सोडलंस, त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते तुला माहीत नाही. बाबांनी ठोकायला सुरुवात केली. कशाचंही झाकण लावायचं असलं की आधी तीन ठोके. पिठाचा डबा, कपाट, ट्रंक, माझ्या मशीनचं लाकडी झाकण. ठोकायचं, मान तिरकी करायची, श्वास रोखायचा आणि थांबायचं. सुरुवातीला आई डोळे पुसायची, नंतर वैतागायची, मग सवयीची झाली. मी तर मैत्रिणींना सांगायचे की आमच्याकडे बिस्किटाच्या डब्यातसुद्धा माणूस राहतो. त्या हसायच्या आणि मीही हसायचे. रात्री मात्र तो डबा मी कधी उघडला नाही.

एकदा नळ दुरुस्त करणारा आला होता. तो ओट्याखालच्या कपाटात शिरलेला. बाबा आले, त्यांना वाटलं दार उघडंच राहिलंय. त्यांनी तीन ठोके दिले, आणि आत त्या बिचाऱ्याने नळावर पाना दोनदा आपटला, आपल्या कामाचा भाग म्हणून. बाबा मटकन खाली बसले. दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं आणि त्या माणसाला बाहेर येताना असं बघत राहिले की तो पैसे न घेताच निघून गेला. त्या दिवसापासून आईने नियम केला. बाबांच्या ठोक्यांना घरात कोणी, चुकूनही, उत्तर द्यायचं नाही. आम्ही पाळला. बाबांनी ठोकलं की मी हातातली कात्रीसुद्धा खाली ठेवायचे, चुकून टेबलावर आपटू नये म्हणून. आई गेली तरी नियम राहिला.

मागच्या आठवड्यात मी त्यांना वाचनालय दाखवायला घेऊन गेले. नेऊ नये असं सगळे म्हणत होते, पण ते ऐकेनात. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी काठावर हात फिरवला. तो काठ तसाच ठेवला आहे, लोखंडी, वरून रंग दिलाय. मग बोटांच्या पेरांनी तीन ठोके दिले. दुपार होती. खाली सुतार एकटा कपाट बसवत होता, त्याने काम थांबवून वर पाहिलं. बाबांनी श्वास रोखला. मी मनात आकडे मोजणार नाही असं ठरवते आणि दर वेळी मोजते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखाडी. मी दंड धरून हलवलं तेव्हा कुठे श्वास सुटला.

काकू, हेच मला सांगायचं होतं. तब्येत वयाप्रमाणे असं मी लिहिलं ते खरं नाही. त्यांचं हृदय थकलं आहे. डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडणं हे त्यांच्यासाठी विषासारखं आहे, ते आधी बंद करा. कसं बंद करायचं ते नाही सांगितलं. मी घरातली झाकणं काढून टाकली. डबे उघडे, कपाटांना पडदे शिवले. आता ते पलंगाच्या कडेवर ठोकतात. दिवसेंदिवस जास्त वेळ थांबतात. मला भीती वाटते की एके दिवशी ते थांबतील आणि थांबूनच राहतील.

तू विचारलंस, मोगरी वाजवली होती का. वाजवली होती. बाबांनी चौकशीत सांगितलं तेच खरं आहे. बाबा खोटं बोलत नाहीत.

ये ना. त्यांना फक्त तुला एकदा बघायचं आहे. तू काही बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी,
टकळी

•

६ मार्च

प्रिय काकूस,

तुझं दुसरं कार्ड आलं. "प्रश्न दोन होते."

लहानपणी तू माझा गृहपाठ तपासायचीस तेव्हाही मी सोपं गणित आधी सोडवून वही मिटायचे. तुला तेव्हाही कळायचं.

आता दुसऱ्याचं उत्तर लिहिते. लिहिताना मला भीती वाटते ती तू बाबांचा आणखी द्वेष करशील याची नाही. तेवढा तुझा हक्कच आहे. भीती ही की तुझ्याकडे आजवर एक गोष्ट होती. काका झोपेतच गेला, त्याला काही कळलं नाही. ओल्या धान्याने पोटातली हवा खराब केली, तो चक्कर येऊन पडला आणि तसाच गेला. डॉक्टरांनी तसं लिहिलं, बाबांनी तसं सांगितलं, आईने तुला कुशीत घेऊन तेच म्हटलं. तुझा त्यावर पुरता विश्वास नव्हता, हे तुझ्या कार्डावरून दिसतं. पण पुरता नसलेला विश्वाससुद्धा माणसाला झोपायला उपयोगी पडतो. तो मी काढून घेते आहे. पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांब. मी पानही बदलते.

मी पहिल्या पत्रात एका फळीचा उल्लेख केला होता. सुतार फळ्या उलट्या करून घासत होता. मी गाद्यांची मापं घेत होते. तो म्हणाला, "ताई, ही बघा, हिला खालून कुणी एवढं बडवलंय? माल भरताना लागलं म्हणावं तर एकाच जागी आहे." मी बघायला गेले. फावड्याच्या कडेने पडतात तशा खाचा होत्या, अर्ध्या चंद्रासारख्या. पुष्कळ होत्या. सुरुवातीच्या खोल, नंतरच्या उथळ होत गेलेल्या. आणि सगळ्या जोडीने. दोन, मग जागा सोडून दोन, मग पुन्हा दोन.

मी सुताराला म्हटलं, ही घासू नका. त्याने का विचारलं नाही. चांगला माणूस आहे. मी घरी आले. बाबा खिडकीशी बसले होते. मी तोंडातून एवढंच काढलं की थोरलीच्या फळ्यांची टेबलं करताहेत. त्यांनी माझ्याकडे वळून न बघता विचारलं, "पुढून चौथी. दोन-दोन आहेत ना?"

त्याच संध्याकाळी मी तुला पहिलं पत्र लिहिलं. आणि त्यात हे लपवलं.

नंतर बाबांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, मी काही सावरलेलं नाही.

"बारक्या धान्य सारखं करायला पुढच्या टोकाला उतरला होता. मला वाटलं तो कधीच वर आला. नव्या लग्नाचं पोर, निघायच्या आधी सायकल मारत घरी जायचा, बायकोला तोंड दाखवून पुढच्या धक्क्यावर आम्हाला गाठायचा. नेहमीचंच होतं ते. मी मोगरी वाजवली. श्वास धरला. आवाज नाही. श्वास सोडला, फळ्या घातल्या, ताडपत्री ओढली. मागे जाऊन यंत्र सुरू केलं. यंत्र चालू झालं की पुढचं काही ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. पुढच्या धक्क्यावर तो आला नाही. म्हटलं, भांडण झालं असेल घरी, येईल उद्या. गिरणीला पोचलो, झाकण काढलं. तो त्या फळीच्या खाली होता. फावडं हातात होतं. बोटीचं रिकामं पोट आणि बेशुद्ध माणूस, दोघांचा आवाज सारखाच असतो गं. हे आम्हा इतक्या जुन्या लोकांना कधी सुचलंच नाही. तो शुद्धीवर आला आणि त्याने उत्तर दिलं. त्याला वाटलं असेल मी आत्ताच ठोकलंय. नियमाप्रमाणे दोन दिले. मग परत दोन. आरडाओरडा करायचा सोडून तो नियम पाळत राहिला, कारण नियम मी शिकवला होता."

मी विचारलं, चौकशीत का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तिला ऐकवायचं होतं का ते? ती दारात उभी होती. मी फळी खाचा खाली करून ठेवली आणि झोपेत गेला म्हणालो. मला वाटलं हे एकट्याने वाहायचं ओझं आहे."

म्हणून ते थोरलीवरून उतरले नाहीत, काकू. म्हणून भंगार वाहायला लागली तरी, तरंगतं गोदाम झाली तरी ते तिथेच राहिले. दर वेळी झाकण घालताना ती चौथी फळी ते स्वतःच्या हातांनी घालायचे. आम्हाला वाटायचं, माणूस बोटीच्या प्रेमात आहे.

तू तेव्हा ओरडून विचारलं होतंस, "सायकल धक्क्यावरच्या गोदामाच्या भिंतीला टेकलेली होती, भाऊजी, तुम्ही बघितली का नाही?" बाबांना तो प्रश्न अक्षरन् अक्षर पाठ आहे. ते म्हणतात, बघितली नाही, एवढंच.

आता तुला सगळं माहीत आहे, जेवढं मला आहे तेवढं. ये असं मी आता म्हणत नाही. यायला सांगायचं तोंड मला राहिलेलं नाही. पण ते रोज ठोकतात, आणि ते कशासाठी थांबतात ते आता मला कळलं आहे. पूर्वी मला वाटायचं, त्यांना खात्री करून घ्यायची असते की आत कोणी नाही. तसं नाही. आत कोणीतरी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते त्याला वेळ देतात.

मी अजून नियम पाळते. उत्तर मी देऊ शकते, माझ्या हाताशी कात्री असते. पण ते उत्तर माझं नाही.

तुझी,
टकळी

•

२२ एप्रिल

प्रिय काकूस,

तू नीट पोचलीस ना? बस वेळेवर होती का? छत्री तू आमच्याकडे विसरलीस, ती मी कपाटात ठेवली आहे. कपाटाला पुन्हा दार लावलं आहे.

वाचनालय उघडलं. गाद्या झाल्या. गडद निळ्या, दुहेरी शिवणीच्या. मुलांच्या कोपऱ्यातल्या गादीवर पहिल्याच दिवशी कुणीतरी शाई सांडली, बाई हळहळल्या, मी म्हटलं, बरं झालं, आता ती वापरात आली. चौथी फळी तू सांगितलंस तशी उलटी केली. सुताराने वर तेल लावलं नाही, फक्त कुसळं टोचू नयेत म्हणून हलका कागद मारला. खाचा तशाच आहेत. त्या टेबलाशी सगळ्यात आधी गर्दी होते, का कोण जाणे. मुलं वाचता वाचता बोटं त्यांत फिरवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडणार होते. मग तुझी बोटं आठवली. तू आलीस त्या दुपारी वाचनालयात तू खाली वाकलीसुद्धा नाहीस. सरळ बसलीस, हात टेबलाखाली घातलास आणि एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर, शेवटच्या उथळ खाचेपर्यंत नेलास. तिथे तुझा हात किती तरी वेळ होता. मी आणि सुतार भिंतीकडे बघत उभे होतो. मग तू म्हणालीस, "खालचं वर करा," आणि पर्स उचललीस.

भिंतीवरच्या इतिहासात एक ओळ वाढवली आहे. बाई आधी नको म्हणत होत्या, मुलं घाबरतील म्हणून. मी म्हटलं, मग दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. आता तिथे असं लिहिलं आहे की या बोटीवर दोघा भावांनी काम केलं, धाकटा भाऊ झाकणाखाली राहिला, त्याने नियमाप्रमाणे उत्तर दिलं होतं, ते ऐकू गेलं नाही. चौथं टेबल बघा.

आता जे तुला सांगायचं राहिलं ते सांगते. आमच्या घराच्या जिन्यात मी तुझ्यामागे धावत आले तेव्हा तू हात वर करून म्हणालीस, "काही सांगू नकोस." पत्रात लिहायला तू मनाई केली नव्हतीस.

तू बाबांच्या खोलीच्या दारात उभी होतीस. त्यांनी तुला बघितलं की नाही, मला माहीत नाही, नजर फार कमी झाली होती. त्यांनी पलंगाच्या कडेवर तीन ठोके दिले आणि श्वास रोखला. तुझा चेहरा मला दिसत होता आणि खरं सांगू, मला वाटलं तू तशीच उभी राहणार. त्यांचा श्वास संपेपर्यंत. मी तुला अडवलंही नसतं. मग तू छत्रीच्या मुठीने दाराच्या चौकटीवर दोन ठोके दिलेस. फार जोरात नाही. छत्री तिथेच टेकवलीस आणि वळून गेलीस.

त्यांनी लगेच श्वास सोडला नाही, काकू. मला वाटलं, झालं. मग सोडला, इतका लांब की पांघरूण खाली बसल्यासारखं झालं. आणि स्पष्ट आवाजात, मी लहान असताना ऐकलेल्या आवाजात, म्हणाले, "थांबलोय, बारक्या. वर ये."

मी हे सांगायला धावले होते. जिन्यात तू मला म्हणालीस, "मी त्यांना माफ केलेलं नाही. उत्तर ह्यांचं होतं, मी नुसतं पोचवलं." मला ते बरोबर वाटलं. आत येऊन मी त्यांना यातलं काही बोलले नाही.

त्यानंतर ते आठवडाभर होते. जेवले. मला चिडवलं की तुझ्या मशीनचा आवाज थोरलीच्या यंत्रापेक्षा वाईट आहे. एकदा औषधाची गोळी घेऊन त्यांनी डबीचं झाकण लावलं. मी कात्री खाली ठेवून थांबले, सवयीने. त्यांनी ठोकलं नाही. नुसतं लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, एवढ्याशा गोष्टीला.

परवा सकाळी ते गेले. झोपेत. या वेळी खरोखरच झोपेत, मी शेजारी होते. तुला तार किंवा फोन केला नाही, कारण तू आली नसतीस आणि तुझ्यावर यायची वेळ आणायची नव्हती. तू यायची तेव्हा आली होतीस.

एक गोष्ट मात्र झाली आहे. काल घर आवरताना मी मशीनचं झाकण लावायला घेतलं आणि माझ्याच हाताने तीन ठोके दिले. यजमानांनी पेपरातून वर बघितलं. मी श्वास रोखला आहे हे मला उशिरा कळलं. आता घरात मोगरी माझ्याकडे आली म्हणायची. मला त्याची भीती वाटते, आणि हात थांबवावा असंही वाटत नाही.

हे पाकीट चिकटवण्याआधीही मी टेबलावर ठोकणार आहे. तुला तिथे ऐकू येणार नाही, माहीत आहे. छत्री न्यायला कधीतरी ये. आजच यायला पाहिजे असं नाही, या महिन्यातही नाही. तुला शुद्धीवर यायला जितका वेळ लागेल तितका घे, मला घाई नाही.

मी थांबले आहे.

तुझीच,
टकळी